चाल कुणाची?



आजचं वाचन : स्तोत्रसंहिता, स्तोत्र १३७.

रोजच्या वाचनात आपण अधूनमधून दुसऱ्यांच्या ग्रंथांचं दारही वाजवतो, तसं आज यहुदी लोकांच्या स्तोत्रांकडे आलोय. हे स्तोत्र अगदी लहान आहे, जेमतेम नऊ वचनांचं. शांतपणे वाचलंत तरी दोन मिनिटं लागणार नाहीत. पण मी गेले तीन आठवडे त्याच्यातच अडकून पडलेय. का, ते सांगते.

प्रसंग असा. इसवी सन पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळालं आणि तिथल्या लोकांना पकडून बाबेलला नेलं. ही माणसं तिथल्या नद्यांच्या काठी बसून रडताहेत. त्यांनी आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवल्यात. आणि ज्यांनी त्यांना पकडून आणलं तेच त्यांना म्हणतात, जरा तुमच्याकडचं एखादं गाणं होऊन जाऊ दे. म्हणजे फर्माईश! घर जाळलं, देव्हारा मोडला, आणि वर गाणं ऐकायची हौस. ही माणसं नकार देतात. परक्या मुलुखात, मौजेसाठी, देवाचं गाणं त्यांच्या गळ्यातून निघतच नाही.

मी हे स्तोत्र आधीही वाचलं होतं आणि दर वेळी आपसूक रडणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसले होते. आपण सगळेच तसं करतो, नाही का? धर्मग्रंथ वाचताना आपण कधी खलनायकाच्या जागी नसतोच. या वेळी पहिल्यांदा वाटलं, अरे, त्या दुसऱ्या बाजूला मी तर नाही ना उभी?

लिफ्टजवळची गोष्ट

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत आम्ही आठ-दहा जण दर गुरुवारी संध्याकाळी भजनाला जमतो. पेटी आहे, एक जण काहोन वाजवतो, बाकी टाळ्या. वर्षभरापूर्वी मला मोबाईलवर, ध्यानासाठी म्हणून कुणीतरी बनवलेल्या प्लेलिस्टमध्ये, एक सुंदर धून सापडली. नुसती बासरी, शब्द नाहीत. मी तिच्यावर नामस्मरणाचे साधे शब्द बसवले. शेवटी शेवटी ती चाल एकदम वर चढायची, जरा ओढल्यासारखी वाटायची, म्हणून तो भाग मी काढून टाकला. मंडळी, ती धून चालली म्हणजे काय चालली! गणपतीत सोसायटीची सगळी पोरं तेच गुणगुणत होती.

मग एक दिवस आमच्या शेजारच्या विंगमधल्या मावशींनी मला लिफ्टजवळ गाठलं. मावशी बेने इस्रायली. त्यांच्या दाराच्या चौकटीवर तिरकी लावलेली ती छोटी डबी मला लहानपणी बिघडलेली बेल वाटायची. तिला मेझुझा म्हणतात आणि आत चर्मपत्रावर शास्त्रवचन लिहिलेलं असतं, हे फार उशिरा कळलं.

"ही चाल कुठून आणलीस गं?"

"आपलीच आहे मावशी. म्हणजे... मोबाईलवर मिळाली."

त्या हसल्या. "आपलीच म्हणजे कुणाची?"

मला उत्तर आलं नाही. मग त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील अलिबागला दर शुक्रवारी सूर्य मावळताना याच चालीवर शब्बाथचं स्वागत करायचे. शब्द 'लेखा दोदी'चे. सोळाव्या शतकात गालीलातल्या साफेद गावी श्लोमो अल्काबेत्झ नावाच्या कवीने ते रचलं. शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस. तो नवरी होऊन दारात येतो आणि तिला आणायला जाऊ या, असं त्या गीताचं रूप. आज जगभरातल्या यहुदी लोकांमध्ये ते म्हटलं जातं आणि त्याला असंख्य चाली आहेत. त्यातली एक माझ्या हाती लागली होती.

मावशी रागावल्या नव्हत्या. पण मला आतून कुठेतरी टोचलं, आणि टोचलं की माणूस वाद घालतो. मी म्हटलं, "पण मावशी, तुमच्या लोकांनी पण आमचं कीर्तन घेतलंच ना?"

(हे खरं आहे. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायलींनी मराठी कीर्तनाची पद्धत उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीतून, पेटी-तबल्यावर रंगवायला सुरुवात केली. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी ही माणसं. शेजारच्या देवळात काय चाललंय ते त्यांना ऐकू येतच होतं.)

मावशी म्हणाल्या, "घेतलं की. आणि त्याला कीर्तनच म्हटलं."

लिफ्ट आली. त्या वर गेल्या. मी तिथेच.

प्रश्न जुना आहे

घरी येऊन वाचत बसले तेव्हा लक्षात आलं, की चाल कुठून येते आणि ती देवाला चालते का, या प्रश्नावर खुद्द यहुदी परंपरेतच जवळजवळ हजार वर्षं भांडण चालू आहे. आणि भांडणातल्या दोन्ही बाजू भक्तांच्याच आहेत.

एक बाजू कडक. अकराव्या शतकातले मोठे धर्मशास्त्री इसहाक अल्फासी यांचं मत असं, की जो गायक प्रार्थनेत पुढे उभा राहतो आणि बाहेरची तसली गाणी गातो त्याला त्या जागेवरून काढावं. मध्ययुगात जर्मनीत तयार झालेल्या 'सेफेर हासिदीम' या ग्रंथातही दुसऱ्यांच्या उपासनेतल्या चाली वापरू नयेत असं बजावलंय.

आपल्याला हे लगेच कर्मठ वाटतं. पण जरा थांबा. सुपरहिट सिनेगीताच्या चालीवर बसवलेली आरती तुम्ही मंडपात ऐकलीच असेल. तोंडाने आरती चालू असते आणि डोळ्यांपुढे कोण नाचत असतं? खरं सांगा! चाल रिकामं भांडं नसते. आधी जे शिजलं त्याचा वास तिला लागलेला असतो. कडक बाजूचं म्हणणं इतकंच आहे, आणि ते चूक नाही.

दुसरी बाजू इस्राएल नाजारा यांची. सोळाव्या शतकाच्या मध्यावर दमास्कसच्या परिसरात वाढलेला हा कवी. त्याच्या लक्षात आलं की आपली तरुण पोरं तुर्की, अरबी, ग्रीक, स्पॅनिश प्रेमगीतांच्या मागे वेडी झालीत. त्याने उपदेश केला नाही. त्याच चाली उचलल्या आणि त्यांच्यावर देवाची हिब्रू गाणी बसवली. १५८७ मध्ये साफेदला त्याचं 'झमिरोत इस्राएल' हे पुस्तक छापून निघालं. कधीकधी तर तो असे हिब्रू शब्द निवडायचा, की कानाला मूळ परक्या शब्दांसारखेच वाटावेत. यावर त्याच्याच काळातले विद्वान मेनाहेम दी लोन्झानो भडकले. देवाशी बोलताना प्रियकर-प्रेयसीच्या बाजारू बोलीची नक्कल? गंमत म्हणजे लोन्झानो स्वतःही तुर्की चालींवर रचना करत होते. त्यांचा राग चालीवर नव्हताच. त्यांचं म्हणणं, चाल घेताना तिच्याबरोबरचा चिखलही घरात आणायचा का?

गूढवादी हाईम व्हिताल यांना तर या माणसाचं वागणंच पसंत नव्हतं. आणि दुसरीकडे लोककथा सांगते की व्हितालांचे गुरू, साफेदचे थोर संत इसहाक लुरिया, म्हणायचे की नाजारा गायला लागला की देवदूत ऐकायला येतात. गुरू-शिष्यांत इतकं अंतर! नाजारा पुढे गाझामध्ये रब्बी होता आणि तिथेच वारला. त्याचं 'याह रिब्बोन' आजही जगभर शब्बाथच्या जेवणाच्या टेबलाशी गातात. म्हणजे निकाल लोकांच्या गळ्यांनी दिला.

ठिणग्या

लुरियांची एक कल्पना आहे, ती समजून घेतली तर हा सगळा विषय उलगडतो. सृष्टीच्या आरंभी दैवी प्रकाश पात्रांत ओतला गेला. पात्रांना तो पेलवला नाही. ती फुटली आणि प्रकाशाच्या ठिणग्या सगळीकडे उडून मातीत, कवचांत, नको त्या ठिकाणी अडकल्या. माणसाचं काम काय? त्या ठिणग्या ओळखायच्या, सोडवायच्या आणि मूळ जागी पोचवायच्या.

अठराव्या शतकात पूर्व युरोपात हासिदी पंथ उभा राहिला तेव्हा त्यांनी ही कल्पना गाण्याला लावली. मेंढपाळाचं गाणं, शिपायांची कवायतीची धून, गुत्त्यातली चाल, सगळ्यांत ठिणगी असू शकते. संताने ती ऐकायची, उचलायची, वर न्यायची.

यातली सगळ्यांत लाडकी गोष्ट हंगेरीतल्या नॉजकालोच्या रब्बींची. इसहाक टॉब, १७५१ ते १८२१, कालिवचे रेब्बे म्हणून प्रसिद्ध. रानातून फिरताना त्यांना एक मेंढपाळ गाताना भेटला. कोंबडा आरवलाय, पहाट होतेय, हिरव्या रानात एक पाखरू फिरतंय, अशा अर्थाचं ते हंगेरियन प्रेमगीत. रेब्बेंना त्यात आपल्याच लोकांचा वनवास आणि देवाची वाट पाहणं ऐकू आलं. ते म्हणाले, हे गाणं मला वीक. मेंढपाळाला काही नाणी दिली, गाणं शिकून घेतलं. आणि ज्या क्षणी रेब्बेंना ते आलं, त्या क्षणी मेंढपाळ ते साफ विसरला.

गोष्ट सांगणारे इथे आनंदाने टाळी वाजवतात. बघा, ठिणगी सुटली! गाणं आपल्या खऱ्या घरी गेलं!

आणि मी? मला तो मेंढपाळ दिसत राहतो. हातात नाणी, पुढे मेंढ्या, आणि तोंड उघडलं तर काहीच आठवत नाही. संध्याकाळी तो काय गुणगुणला असेल? त्याच्यासाठी ते गाणं अडकलेली ठिणगी नव्हतं. ते त्याचं गाणं होतं.

सगळं देवाचंच ना?

आमच्या ग्रुपमध्ये मी हा विषय काढला तेव्हा एक मित्र म्हणाला, "अगं, सूर काय कुणाच्या बापाचे असतात? सगळं देवाचंच."

वाक्य खरं आहे. माझा त्यावर विश्वासही आहे. पण मी स्वतःला एक प्रश्न विचारला : हे वाक्य मी कधी म्हणते? घेताना म्हणते. माझं कुणी घेतलं तर म्हणेन? उद्या माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओवीची चाल कुठल्यातरी परदेशी क्लबमध्ये दारूच्या ग्लासांच्या आवाजात वाजली, खाली कुणाचं नाव नाही, गाव नाही, तर मी हसून म्हणेन का, की सूर सगळे देवाचेच? छे. मी रात्रभर टाइप करत बसेन.

जे तत्त्व फक्त आपल्या फायद्याच्या वेळी आठवतं ते तत्त्व नसतं, सोय असते. 'सगळं देवाचं' हे वाक्य देणाऱ्याच्या तोंडी भक्ती आहे. घेणाऱ्याच्या तोंडी ते सबब होऊ शकतं.

मित्राचा दुसरा मुद्दा जास्त अवघड होता. "चाल म्हणजे काय पाकीट आहे? मी तुझं पाकीट घेतलं तर तुझ्याकडे ते राहत नाही. मी तुझी चाल घेतली तर तुझ्याकडेही राहते, माझ्याकडेही येते. नुकसान कुणाचं?"

बरोबर. खऱ्या आयुष्यात कुठलाच मेंढपाळ असा जादूने विसरत नाही. मग मेंढपाळाचं दुःख हे नुसतं गोष्टीतलंच का?

आता मला कबूल करायला हवं की लिफ्टजवळचं संभाषण मी वर पूर्ण लिहिलं नाही. लाज वाटली म्हणून. लिफ्टचं दार बंद होण्याआधी मावशी आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. "परवा मी स्वयंपाक करताना ती चाल गुणगुणत होते, तर नातू मला म्हणतो, आजी, तू भजनाचं गाणं का म्हणतेस?"

झालं. मेंढपाळ विसरला तो असा.

गाणं मावशींना आठवतंय. पण ते त्यांचं आहे हे आजूबाजूचं जग विसरलं, आणि जगाकडून ते त्यांच्या घरात, त्यांच्या नातवापर्यंत पोचलं. मोठ्या समाजाचं असं काही घेतलं तर त्याला फरक पडत नाही. हजारो तोंडं खरं सांगायला असतात. पण १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्राएलला गेले आणि आता भारतात उरलेत जेमतेम काही हजार. इतक्या थोड्यांची चाल आपण दणक्यात गायला लागलो, तर आपला आवाज त्यांच्या आठवणीपेक्षा मोठा होतो. यात कुणाची वाईट बुद्धी लागत नाही. माझीही नव्हती. नुसता मोठा आवाज आणि थोडं दुर्लक्ष पुरतं.

बाबेलच्या लोकांकडे तलवार होती, माझ्याकडे नव्हती. हा फरक मोठा आहे आणि तो पुसायचा मला हक्क नाही. पण एक गोष्ट सारखी होती. त्यांना गाणं हवं होतं आणि गाणाऱ्याचं काही ऐकायचं नव्हतं. मलाही धून हवी होती, ती कुणाची हे विचारायचं नव्हतं.

मग घ्यायचंच नाही का?

असं म्हटलं असतं तर लेख इथे संपला असता आणि मी पवित्र होऊन झोपले असते. पण ते खरं नाही. घेतल्याशिवाय भक्तीचं गाणं कुठेच वाढलेलं नाही.

आणि तो बिचारा मेंढपाळ! त्याच्या बाजूने इतकं रडल्यावर मी ते कालिवचं गाणं शोधून ऐकलं. आणि थक्क झाले. ते आजही हंगेरियन भाषेत गातात! मंदिर पुन्हा उभं राहील अशा आशेचे हिब्रू शब्द त्यात आलेत, पण कोंबडा, रान, पाखरू सगळं मेंढपाळाच्या भाषेत जसंच्या तसं. गोष्ट म्हणते मेंढपाळ विसरला. पण गाणं मेंढपाळाला विसरलेलं नाही. रेब्बेंनी ठिणगी सोडवली असेल, पण भांडं फेकून दिलं नाही.

पुढचं वाचताना मात्र हात थरथरतो. १९४४ च्या उन्हाळ्यात, दोन महिन्यांहून कमी काळात, हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार यहुदी आगगाड्यांत कोंबून बाहेर पाठवले गेले, बहुतेक सगळे आउशवित्झला. ज्यांनी मेंढपाळाची भाषा आपल्या पवित्र गाण्यात जपली होती, त्यांना त्याच देशाने असं हाकललं. गावंच्या गावं रिकामी झाली. लग्नात वाजणाऱ्या त्यांच्या धुना कोण लक्षात ठेवणार?

ठेवल्या. ट्रान्सिल्व्हेनिया-मारामुरेशच्या भागात युद्धाआधी यहुदी लग्नांत वाजवणारे रोमा वादक होते. वाजवून वाजवून त्या चाली त्यांच्या बोटांत बसलेल्या. पुढे कित्येक वर्षांनी हंगेरीच्या मुझिकाश या लोकसंगीत मंडळाने अशा म्हाताऱ्या वादकांबरोबर त्या चाली पुन्हा जुळवल्या आणि १९९३ मध्ये 'मारामारोश' नावाचा अल्बम काढला. कालिवचं ते गाणंही त्यात आहे, मार्ता शेबेश्च्येन यांच्या आवाजात. मेंढपाळाच्या मुलखातलं गाणं यहुद्यांनी जपलं. यहुदी उरले नाहीत तेव्हा त्यांच्या चाली शेजाऱ्यांनी जपल्या. ते वादक सांगू शकले, ही यहुद्यांची चाल आहे, अमक्या लग्नात वाजवायचो. हे त्यांना सांगता आलं म्हणून ती परत देता आली.

इथे मला मावशींच्या वाक्याचा अर्थ लागला. "घेतलं, आणि त्याला कीर्तनच म्हटलं." घेणं आणि हिसकावणं यांतला फरक हाच असावा. घेतलेल्या वस्तूवर तिच्या घराची खूण राहिली, की परतीची वाट उघडी राहते.

आणि हे तर खुद्द धर्मग्रंथातच लिहिलंय! स्तोत्रसंहितेतल्या काही स्तोत्रांच्या वर छोट्या सूचना असतात. आपण वाचताना त्या ओलांडून पुढे जातो. बावीसाव्या स्तोत्राच्या वर पहाटेच्या हरिणीचा उल्लेख आहे, आणखी काहींवर कमळांसारख्या फुलांचा. अनेक अभ्यासकांना वाटतं की ही तेव्हाच्या गाण्यांची नावं आहेत. म्हणजे 'हे स्तोत्र अमक्याच्या चालीवर म्हणा'. आपल्याकडे पदाच्या वर 'चाल :' म्हणून लिहितात ना, अगदी तसं. नाजारानेही आपल्या पुस्तकात गाण्यांच्या वर मूळ तुर्की-अरबी गाण्यांचे उल्लेख केले, आणि म्हणून आज त्या काळातल्या उस्मानी संगीताचा शोध घेणारे अभ्यासक त्याचं हिब्रू पुस्तक उघडतात. देवाच्या गाण्याच्या माथ्यावर कुणा अनामिक प्रियकराच्या गाण्याचं नाव! लिहिणाऱ्याला त्याची लाज वाटली नाही.

शुक्रवार

पण नाव लिहिलं की झालं, असंही नाही. 'साभार' टाइप करायला तीन सेकंद लागतात. मावशी म्हणाल्या, "नाव लिही, लिहू नको, तुझी मर्जी. पण एकदा येऊन ऐक तरी."

म्हणून एका शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर सिनेगॉगला गेले. जुनी माणसं त्याला अजून मशीद म्हणतात. दारावर ओळखपत्र दाखवलं, मोबाईल बंद केला, मावशींच्या शेजारी बायकांत जाऊन बसले. माणसं फार नव्हती. माझ्या लक्षात आलं की या चालीशी माझी वर्षभराची ओळख आहे आणि तिच्या घरी मी आज पहिल्यांदा आलेय.

'लेखा दोदी' सुरू झालं. एकेक कडवं जात होतं, मी मनात आमच्या भजनाशी ताडून बघत होते. शेवटच्या कडव्याशी ती जागा आली. चाल वर चढायला लागली. तीच ती, ओढल्यासारखी वाटते म्हणून मी कापलेली. आणि तेवढ्यात सगळे जण उभ्या उभ्या मागे वळले. दाराकडे तोंड केलं आणि मान लववली. मी गोंधळून मावशींकडे बघितलं. त्या कुजबुजल्या, "नवरी आली. दारात आलीय ना, तिला आत घ्यायला नको?"

मंडळी, मी दारच कापून टाकलं होतं. वर्षभर आम्ही जी चाल तल्लीन होऊन गात होतो, तिच्यात यायची वाट होती, अंगण होतं, सगळं होतं. फक्त जिच्यासाठी हे सगळं, तिला आत यायला दार नव्हतं. आणि मला ते कधी जाणवलं नाही, कारण कोण येणार आहे हेच मी विचारलं नव्हतं.

नंतर घरी त्यांनी काळ्या मनुकांचं सरबत दिलं, त्याच्यावर आशीर्वाद म्हटला. नातू समोरच बसला होता. मावशी त्याला काही बोलल्या नाहीत. मीच म्हटलं, "अरे, ती चाल तुझ्या आजीकडचीच आहे. आम्ही न विचारता घेतली होती." तो म्हणाला, "माहितेय, आजीने सांगितलं," आणि सरबत पिऊ लागला. माझ्या कबुलीजबाबात त्याला काडीचा रस नव्हता. बरंच झालं. माफी मागताना समोरच्याने भारावून जावं ही अपेक्षासुद्धा एक फर्माईशच की.

गुरुवारी ग्रुपला सगळं सांगितलं. एक-दोघांना ते उगाच ताणलेलं वाटलं. अजून वाटतं. आम्ही ती चाल सध्या गात नाही. पण सोसायटीतली पोरं अजून गुणगुणतात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, आणि ती मला थांबवता येत नाहीत. सोडलेला सूर मागे बोलावता येत नाही. कुणी गुणगुणताना दिसलं की मी एवढंच सांगते, ही कुठली चाल आहे माहितेय का? मग दोन मिनिटं त्या नवरीची गोष्ट सांगते. पोरांना नवरीपेक्षा एकदम मागे वळण्याचा भाग जास्त आवडतो.

आजचं मनन

आपल्या भक्तीत दुसऱ्यांकडून आलेलं किती आहे, ते आज एकदा बघा. गाणं असेल, ध्यानाची पद्धत असेल, घरातली एखादी रीत असेल. ते टाकून द्या असं मी म्हणत नाही. ते ज्याच्याकडून आलं त्याच्या घरी तुम्ही कधी गेलाय का? त्यातला कुठला भाग लांबण वाटली म्हणून कापलाय का?

आणि स्तोत्र १३७ पुन्हा एकदा वाचा. त्यातली एक गोष्ट मला शेवटी दिसली. ज्यांनी गायला नकार दिला, त्यांचा तो नकारच पुढे गाणं झाला. अडीच हजार वर्षांनी जमैकातल्या गायकांनी, ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून समुद्रापार नेले गेले होते, ते स्तोत्र आपलंसं करून १९७० मध्ये गायलं. त्यांना ते गाताना कुणाला विचारायला लागलं नसेल. नदीकाठी बसणं म्हणजे काय, हे त्यांना घरूनच माहीत होतं. आणि १९७८ मध्ये बोनी एमने त्याच गाण्यावर जगाला नाचवलं. आपल्या आई-बाबांना विचारा, त्यांना पाठ असेल! त्यांच्यातल्या किती जणांना कळलं असेल, की आपण ज्याच्यावर नाचतोय ते गाणं मौजेसाठी न गाण्याबद्दल आहे?

मला वर्षभर कळलं नव्हतं. म्हणून त्यांना हसायचा हक्क मला नाही.

देवा, तुझ्यापर्यंत पोचायला मी जी जी चाल उसनी घेतली, ती कुणाच्या घरची आहे हे मला विसरू देऊ नकोस. आणि घाईत मी कुठलं दार कापून टाकलं असेल, तर ते मला दाखव.

उद्या भेटू.